दाअत: कळणं आणि वळणं यांच्यामधली जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या. तिच्या जीवनवृक्षाच्या चित्रात दहा वर्तुळं असतात आणि वरच्या तिघांच्या खाली, मधल्या रांगेत, बऱ्याचदा तुटक रेषेनं काढलेलं आणखी एक असतं. त्यावर ‘दाअत’ असं लिहिलेलं असतं. हिब्रूत त्याचा अर्थ ज्ञान. हे गुप्त वर्तुळ म्हणजे नेमकं काय, त्यावर ध्यान करतात ते कसं, आणि त्यानं माणूस खरंच पालटतो का?

आधी मोजणीचं उरकून घेऊ, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. ‘सेफेर येत्सिरा’ हा कब्बालाचा फार जुना आणि अगदी छोटासा आधारग्रंथ. सेफिरोतची, म्हणजे या दहा दैवी शक्तींची, संख्या सांगताना त्यात मुद्दाम दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय: दहा, नऊ नव्हेत, दहा, अकरा नव्हेत. पुढच्या सगळ्या परंपरेला हे वाक्य बंधनकारक आहे. त्यामुळे दाअत हे अकरावं वर्तुळ होऊच शकत नाही. मग ते बसतं कुठे? नियम असा: केतेर मोजलं तर दाअत मोजायचं नाही, आणि दाअत मोजलं तर केतेर मोजायचं नाही. केतेर म्हणजे मुकुट, विचार उमटण्याच्याही आधीची इच्छा. डोक्यावर असतो, डोक्यात नसतो. दैवी मुळाचं वर्णन चाललं असेल तर केतेर धरतात. माणसाच्या आत चालणाऱ्या शक्तींबद्दल बोलायचं असेल तर केतेर सोडून दाअत घेतात. एकच जागा, दोन हजेरीपट. दाअत ही केतेरचीच खालच्या मजल्यावरची हजेरी आहे, असं म्हटलं तरी चालेल. ‘गुप्त’ या शब्दात एवढंच दडलेलं आहे.

अकरा हा आकडा कब्बालाला मुळीच निरुपद्रवी वाटत नाही. जेरुसलेमच्या मंदिरातल्या धुपाला अकरा द्रव्यं लागत, आणि सोळाव्या शतकातले कब्बालाचे गुरू इसाक लुरिया यांच्या शिकवणीत ती अकरा किलिपोतशी, म्हणजे पावित्र्याला झाकणाऱ्या टरफलांशी, जोडलेली आहेत. म्हणजे दाअतला हौसेनं ‘अकरावी गुप्त शक्ती’ म्हणणारा नकळत भलत्याच हिशोबात शिरतो.

दाअत धरून मोजलं तर क्रम असा येतो. वर तीन बुद्धीच्या: होखमा (उजवीकडे, पहिली ठिणगी), बीना (डावीकडे, उलगडा) आणि मध्ये दाअत. खाली सात, ज्यांना भावना किंवा वृत्ती म्हणतात: हेसेद (माया, देणं), गेवुरा (आवर, कठोरपणा), तिफेरेत (दोन्हींचा मेळ, करुणा), नेत्साह (चिकाटी), होद (नमणं, कबुली), येसोद (जोडणी) आणि मालखुत (प्रत्यक्ष कृतीचं राज्य). तीन आणि सात, बरोबर दहा.

तुमच्याकडचं चित्र कुठल्या घराण्याचं आहे हे ओळखायला एक सोपी खूण आहे. सगळ्यात खालच्या वर्तुळात, मालखुतमध्ये, किती रेषा उतरतात ते पाहा. तीन उतरत असतील तर ते चित्र युरोपीय गूढसंप्रदायांच्या वापरातलं, सतराव्या शतकातल्या अथानासियस किर्शर या जेझुइट पंडितानं छापलेल्या आराखड्यावरून आलेलं. एकच रेषा उतरत असेल तर ते गॅलिलीतल्या त्सफात गावच्या, लुरियाच्या परंपरेतलं. रेषा दोन्हीकडे बावीसच, हिब्रू अक्षरांइतक्या. पण लुरियाच्या चित्रात होखमेकडून गेवुराकडे आणि बीनाकडून हेसेदकडे जाणाऱ्या तिरप्या रेषा एकमेकींना छेदतात, आणि त्या छेदतात बरोबर दाअतच्या जागी. किर्शरच्या चित्रात या दोन रेषाच नाहीत. तिथे मधली जागा रिकामी दिसते. रिकामी जागा दिसली की माणूस तिच्यात गूढ भरायला लागतो. पुढे जे झालं त्याचं मूळ थोडंफार या चित्रातच आहे.

आता शब्दाकडे. बायबलातल्या ‘उत्पत्ती’च्या चौथ्या अध्यायाचं पहिलं वाक्य आहे: आदामानं आपली बायको हव्वा हिला ‘जाणलं’ आणि ती गरोदर राहिली. हे ‘जाणणं’ दाअतच्याच धातूचं. म्हणजे या भाषेत ज्ञानाचा मूळ अर्थ माहिती असा होत नाही. जोडलं जाणं, आणि त्या जोडण्यातून काहीतरी जन्माला येणं, असा होतो. श्न्युर झाल्मन (१७४५ ते १८१२) या ज्यू गुरूंनी हाच धागा पकडला. त्यांच्या पंथाचं नाव ‘हबाद’. होखमा, बीना, दाअत यांची आद्याक्षरं जोडून झालेलं. त्यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ १७९६ मध्ये छापला गेला आणि त्याच्या तिसऱ्या प्रकरणात दाअतवर जेमतेम एक परिच्छेद आहे. माझ्या मते या विषयावर इतकं नेमकं दुसरं काही नाही. त्याचा आशय असा: एखादा कितीही बुद्धिमान असो, ईश्वराचं मोठेपण त्याला कितीही समजलेलं असो, जोवर तो आपलं मन त्या विचाराला घट्ट बांधत नाही, जोर लावून आणि न ढळता तिथे टिकत नाही, तोवर त्याच्या अंतःकरणात खरं प्रेम किंवा खरं भय जन्मणार नाही, जन्मतील ते नुसते कल्पनेचे फुगे. होखमा बाप, बीना आई, भावना ही लेकरं. आणि दाअत नसेल तर लेकरू होत नाही.

मराठीत यासाठी तयार वाक्य आहे: कळतं पण वळत नाही. ‘कळतं’ इथवर होखमा आणि बीना. ‘वळतं’ तिथून हेसेद, गेवुरा आणि बाकीचे. मधलं ‘पण’ आहे तिथे दाअत हवं असतं. एखाद्याला साखरेचा आजार कसा होतो हे शास्त्रशुद्ध सांगता येतं, तरी ताटातली तिसरी जिलेबी सुटत नाही. त्याला माहिती कमी पडलेली नाही, आणि जास्त दिल्यानंही काही होणार नाही.

शरीरात या जागा ठरलेल्या आहेत: होखमा मेंदूचा उजवा भाग, बीना डावा आणि दाअत मागचा, मानेकडे उतरणारा. इथे लुरियाच्या शिकवणीतला एक सुंदर शब्दखेळ येतो. ‘फारो’ या इजिप्तच्या राजाच्या नावातली चार हिब्रू अक्षरं उलटसुलट केली की ‘हा-ओरेफ’ बनतं, म्हणजे मानेची मागची बाजू. इजिप्तचं हिब्रू नाव ‘मित्सरायिम’, आणि ‘मेत्सारिम’ म्हणजे अरुंद खिंडी. यावरून सिद्धांत असा की ज्यूंच्या इजिप्तमधल्या गुलामगिरीत दाअतच हद्दपार होतं. डोक्यात सगळं होतं, छातीत काही उतरत नव्हतं. मधल्या मानेच्या खिंडीत फारो बसला होता. हबादचे आचार्य याच्याही पुढे जातात. फारोचे तीन चाकर, म्हणजे प्याला देणारा, रोटी भाजणारा आणि मांस कापणाऱ्यांचा मुख्य, यांना ते गळ्यातल्या श्वासनलिका, अन्ननलिका आणि रक्तवाहिन्यांशी जोडतात. पिणं, खाणं आणि रक्ताची उसळी, हे तिघं मिळून डोक्यातलं खाली येऊ देत नाहीत.

यामुळेच दाअत म्हणजे कंठातलं विशुद्ध चक्र, अशी जी बरोबरी आपल्याकडच्या वाचकाला चटकन सुचते ती चुकते. कब्बालाच्या नकाशात गळा हा अडथळ्याचा पत्ता आहे. चक्रांवर ध्यान करण्याची सवय असलेला माणूस सरळ तिथे प्रकाश कल्पायला बसतो आणि मग दोन्ही पद्धतींचं भजं होतं. एका वेळी एकच नकाशा वापरा.

आता एक पुण्याची गोष्ट, कारण ती खरोखर इथली आहे. ‘झोहार’ हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये प्रकट झाला. त्यातला ‘इद्रा झुता’ हा भाग म्हणजे रब्बी शिमोन बार योखाय यांनी मृत्यूच्या दिवशी सांगितलेली गुपितं, अशी मांडणी आहे. त्यात कवटीच्या तीन पोकळ्यांचं वर्णन येतं. तिसरी पोकळी पहिल्या दोघींच्या मध्ये आहे, तिच्यातून हजारो दालनं आणि पडव्या निघतात आणि त्यांत दाअतचा वास असतो. आधाराला बायबलच्या नीतिसूत्रांतलं वाक्य दिलंय: ज्ञानानं खोल्या भरतात. (त्याच्या आधीच्या ओळीत शहाणपणानं घर बांधलं जातं आणि समजुतीनं ते पक्कं होतं. बांधलेलं, पक्कं झालेलं, पण रिकामं घर कसं असतं ते डोळ्यांपुढे आणा.) हाच ‘इद्रा झुता’ १८८७ मध्ये पुण्यात अरबी भाषेत, हिब्रू लिपीत छापला गेला. छापणारे अब्राहम डेव्हिड एझिकिएल हे बगदादी ज्यू, लाल देऊळ हे पुण्याचं सिनेगॉग ज्यांचं त्या समाजातले, आणि थिऑसॉफिस्टही. ही गुपितं साध्या माणसाच्या भाषेत आणावीत का, यावरून समाजात मोठं वादळ उठलं. योगायोग असा की त्याच १८८७ साली लंडनमध्ये मॅकग्रेगर मेदर्स यांनी लॅटिनवरून केलेलं याच भागाचं इंग्रजी भाषांतर निघालं. लंडनच्या पुस्तकातून पुढे गोल्डन डॉनचा पंथ आणि आजची बहुतेक ‘गुप्त वर्तुळा’ची चर्चा वाहत आली. पुण्याची आवृत्ती विस्मरणात गेली.

करायचं कसं, यावर येऊ. हबादमध्ये या साधनेला ‘हित्बोनेनुत’ म्हणतात आणि ती सकाळच्या प्रार्थनेआधी करतात. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात म्हटलंय की पूर्वीचे भाविक प्रार्थनेआधी तासभर थांबत. तालमूद, म्हणजे मिश्नावरची विस्तृत चर्चा, पुढे हिशोब करतो: तास आधी, तास प्रार्थना, तास नंतर, दिवसाला तीनदा, म्हणजे नऊ तास. आजच्या माणसानं अर्ध्या तासानं सुरुवात करावी. दाअतवर थेट ध्यान करायचं नसतं, हा इथला पहिला धडा. विषय वेगळा असतो. दाअत म्हणजे त्या विषयाला धरून ठेवणारा हात.

विषय एकच आणि लहान घ्या. ‘तान्या’च्या दुसऱ्या भागातला घेऊ, कारण तो स्वतंत्रपणे समजतो. स्तोत्र ११९ मधलं ८९वं वचन: हे परमेश्वरा, तुझा शब्द आकाशात सदैव उभा आहे. अर्थ असा लावलाय की सृष्टी दहा उद्गारांनी निर्माण झाली आणि ते उद्गार तेव्हा संपले नाहीत. आजही तेच प्रत्येक वस्तूला धरून आहेत. त्यांची अक्षरं क्षणभर मागे सरली तर सगळं शून्यात जाईल. हा झाला ठिपका, होखमा. बसल्यावर पहिली पाच मिनिटं तो एका वाक्यात स्वतःशी बोलून पाहा. वाक्य अडखळत असेल तर विषय अजून समजलेला नाही. उठा आणि पुन्हा वाचा. ध्यानानं ती उणीव भरून निघत नाही.

मग बीना: लांबी, रुंदी, खोली. याला पंधराएक मिनिटं. लांबी म्हणजे कल्पना खाली खाली आणत नेणं, पोराला सांगता येईल इतकी. इथे ग्रंथानं दिलेला दाखलाच वापरा. सोनारानं भांडं घडवलं आणि तो दुकान बंद करून गेला, तरी भांडं राहतं. कारण त्यानं असलेल्या धातूला फक्त आकार दिला. आता ज्यू इजिप्तमधून सुटले तेव्हा समुद्र दुभंगला तो प्रसंग घ्या. पूर्वेचा वारा रात्रभर वाहत होता म्हणून पाणी भिंतीसारखं उभं होतं. वारा थांबला असता तर पाणी आपल्या स्वभावाप्रमाणे कोसळलं असतं. पाण्याला नुसतं उभं राहायला लावायला वारा अखंड लागतो, तर नसलेल्याला असायला लावायला काय लागेल? रुंदी म्हणजे ही गोष्ट कुठे कुठे लागू पडते ते पाहणं. ग्रंथात दगडाचं उदाहरण आहे: ‘दगड’ हा शब्द दहा उद्गारांत कुठेच येत नाही, तरी त्याच्या हिब्रू नावाची अक्षरं त्या उद्गारांतूनच, जागा बदलत बदलत, त्याच्यापर्यंत पोचतात. मग समोरची खुर्ची? मला काल टोचून बोललेला माणूस? त्याच्या श्वासामागे कोण? खोली म्हणजे या साऱ्यात मुद्दा कुठला, ते एका वाक्यात गाठणं. पहिल्या ठिपक्यासारखंच ते वाक्य दिसेल, पण आता ते रिकामं नसेल.

शेवटची दहा मिनिटं दाअतची, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. नवा विचार आणायचा नाही. दाखला आठवायचा नाही. गाठलेल्या मुद्द्यावर नुसतं टिकायचं. ‘तान्या’तले दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत: एक जोर, दुसरा सातत्य. हुशार माणसाला इथे कंटाळा येतो, कारण बुद्धीला खाऊ मिळत नाही. तो पुन्हा बीनात पळतो, नवी उपमा शोधतो आणि तिला प्रगती समजतो. मन निसटलं तर मुद्द्याचं वाक्य एकदा हलक्या आवाजात म्हणा आणि परत या. मग एकच प्रश्न: हे माझ्या बाबतीत आज कुठे लागू आहे? ‘माणसानं रागावू नये’ इथवर बीना. ‘आज अकरा वाजता त्या बैठकीत मी’ इथे दाअत. त्यानंतर प्रार्थना, आणि मग कामाला लागायचं. महिनाभर विषय बदलू नका. रोज नवा विषय घेणं म्हणजे रोज नवी विहीर खणायला घेणं. पाणी कुठेच लागत नाही.

दाअतच्या आत पाच हेसेद आणि पाच गेवुरा असतात, असं लुरियाची शिकवण सांगते. हे अवघड वाटतं, पण त्याचा व्यवहार साधा आहे. खरं आकलन दोन्हीकडे फुटलं पाहिजे: जवळ ओढणारं आणि थांबवणारं. ध्यानानंतर नुसताच उमाळा येत असेल, सगळ्यांवर माया दाटत असेल आणि एकही सवय सुटत नसेल, तर गेवुरा बाहेर राहिल्या. उलट तुम्ही फक्त कडक होत असाल, स्वतःवर आणि त्याहून जास्त घरच्यांवर, तर हेसेद राहिले. तालमूदमध्ये एक कडवट वाक्य आहे: ज्याला दाअत नाही त्याच्यावर दया करू नये. ते ऐकायला क्रूर वाटतं, पण दया आणि निवाडा यांचा तोल दाअतकडे असतो, एवढं त्यातून दिसतं.

बिघाडांची यादी तशी लांब आहे. महत्त्वाचे दोनच घेतो. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कल्पनेचे फुगे. वर्तुळ डोळ्यांसमोर आणणं, त्याला रंग देणं, त्यातून प्रकाश डोक्यात शिरतोय असं पाहणं. हे सगळं छान वाटतं आणि दुपारपर्यंत विरून जातं. श्न्युर झाल्मन यांचे पुत्र दोव बेर (१७७३ ते १८२७) यांनी खऱ्या आणि खोट्या भावावेशावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्यातली कसोटी अशी: आपण किती भारावलोय हे ज्याला आत जाणवत असतं, त्याचं लक्ष विषयावर नसतं, स्वतःवर असतं. आरशात बघत देवाला नमस्कार करण्यासारखंच ते. यावर उपाय म्हणजे विषयाकडे परत जाणं, बीना पुन्हा करणं. भाव दाबायचा नाही आणि मोजायचाही नाही.

दुसरा बिघाड तयारी नसताना वर चढण्याचा. तालमूदमधली चौघांची गोष्ट यासाठीच सांगतात. चौघं ‘पार्देस’मध्ये, गूढाच्या बागेत, शिरले. बेन अझ्झायनं पाहिलं आणि तो मेला. बेन झोमानं पाहिलं आणि त्याचं भान हरपलं. एलिशा बेन अवुयानं रोपंच छाटली, म्हणजे श्रद्धा सोडली. रब्बी अकिवा सुखरूप गेला आणि सुखरूप परतला. अक्षरांच्या जोडण्या, श्वास आणि डोक्याच्या हालचाली यांची जी तंत्रं तेराव्या शतकात अब्राहम अबुलाफियानं मांडली, ती या सदरात येतात. पुस्तकातून एकट्यानं ती करू नयेत. झोप उडणं, आवाज ऐकू येणं, आपल्यावर काही खास कामगिरी सोपवलीय असं वाटू लागणं, यातलं काहीही दिसलं तर साधना त्याच दिवशी बंद करावी आणि डॉक्टर गाठावा. ‘शुद्धी चाललीय’ असं म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये.

वयाच्या अटीबद्दल नेहमी विचारतात. ‘चाळिशीनंतरच कब्बाला’ हा काही मूळ नियम नव्हे. शब्ताय त्स्वी या स्वयंघोषित मसीहानं १६६६ मध्ये इस्लाम स्वीकारला, त्याच्या मागून पोलंडमध्ये फ्रँकचा पंथ निघाला, आणि या पोळलेल्या समाजाच्या रब्बींनी ब्रोडी इथे १७५६ मध्ये बंधन घातलं: झोहार तिशीनंतर, लुरियाचं लेखन चाळिशीनंतर. गंमत म्हणजे खुद्द इसाक लुरिया १५७२ मध्ये अडतिसाव्या वर्षीच वारले. वयापेक्षा पाया पाहावा. संसार, नोकरी, देणी-घेणी डळमळीत असताना हे हाती घेऊ नये.

‘दरी’विषयीही लिहायला हवं, कारण इंग्रजी पुस्तकांतून आलेल्यांना तीच आधी भेटते. विसाव्या शतकात अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्यानं वरच्या तीन (केतेर, होखमा, बीना) आणि खालच्या सात वर्तुळांमध्ये एक भयाण दरी मांडली, दाअतला त्या दरीत बसवलं, तिच्यात अहंकार फाडणारा राक्षस ठेवला आणि १९०९ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात ती ओलांडल्याचा दावा केला. नंतरच्या काहींनी दाअतला वृक्षाच्या काळ्या बाजूला उघडणारं दार केलं. ती स्वतंत्र पद्धत आहे, तिच्या जागी तिचं तर्कशास्त्र आहे. पण ज्यू परंपरेत जे वर्तुळ जोडतं तेच इथे तोडतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून साधना बांधणाऱ्याचा गोंधळ झाला नाही तरच नवल.

तरी या भीतीला ज्यू परंपरेतही एक आधार आहे, हे मान्य केलं पाहिजे. लुरियाच्या मते सृष्टीच्या आरंभी प्रकाश न पेलल्यानं पात्रं फुटली. उत्पत्तीच्या ३६व्या अध्यायात अदोमच्या राजांची यादी आहे: अमुक राजा झाला आणि मेला, तमुक झाला आणि मेला. त्या फुटलेल्या पात्रांची ही यादी, असा अर्थ लावतात. पहिला राजा बेला, आणि बेला म्हणजे दाअत. होखमा आणि बीना फुटल्या नाहीत. फूट सुरू झाली ती जोडाच्या जागीच. आठवा राजा हदार एकटाच असा की ज्याच्या मरणाचा उल्लेख नाही, आणि ज्याच्या बायकोचं नाव दिलेलं आहे. फुटण्याची दुरुस्ती जोडीनं होते, हे त्यावरून काढलंय.

ध्यानाला कृतीची जोड म्हणजे ओमेरची मोजणी. पासोव्हर, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा सण, याच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत या पुढच्या सणापर्यंत ४९ रात्री मोजायच्या. सात आठवडे, सात वृत्ती. वरच्या तीन यात नाहीत. दाअत हे सातही वृत्तींचं मूळ आणि प्राण आहे, म्हणून त्याची परीक्षा या साताच्या पेपरातच होते. रोजचं जोडनाव काढायचं ते असं: दिवसाला सातानं भागा. २४वा दिवस म्हणजे तीन आठवडे, तीन दिवस; आठवडा चौथा म्हणून नेत्साह, दिवस तिसरा म्हणून तिफेरेत: नेत्साहातलं तिफेरेत. चिकाटीत करुणा आहे का, की नुसता हट्ट, हा त्या दिवसाचा प्रश्न. आठवा दिवस गेवुरातलं हेसेद: मुलाला रागावताना माया जागी होती का? ३३वा, लाग बाओमेर, होदमधलं होद.

मोजणी रात्री, तारे दिसल्यावर, आशीर्वचन म्हणून. रात्री विसरलात तर दिवसा आशीर्वचनाशिवाय मोजा आणि पुढच्या रात्रीपासून नेहमीसारखं चालू ठेवा. पूर्ण दिवस चुकला तर मोजणी चालू, पण उरलेल्या सगळ्या रात्री आशीर्वचनाशिवाय. आणि एक खोच: मोजण्याआधी कुणी ‘आज कितवा?’ विचारलं तर ‘आज अमुकावा’ असं म्हणू नये, नाहीतर तीच मोजणी ठरते. ‘काल अमुकावा होता’ एवढंच सांगायचं.

जे ज्यू नाहीत त्यांच्यासाठी स्पष्ट सांगतो: आशीर्वचन आज्ञेवर उभं आहे आणि ती आज्ञा तुम्हाला नाही, म्हणून ते म्हणू नका. ४९ दिवसांची वृत्तीतपासणी आणि वर दिलेलं अर्ध्या तासाचं चिंतन करायला कुणाची हरकत नसावी. वहीत रोज दोनच ओळी: आजची जोडी, आणि ती दिवसात कुठे दिसली किंवा हुकली. अनुभव, प्रकाश, स्वप्नं लिहू नका. ४९ दिवसांनी मागे वळून पाहा. सहाव्या दिवशीचा राग आणि सदतिसाव्या दिवशीचा राग यांत किती अंतर आहे, शांत व्हायला किती वेळ लागला, क्षमा कुणी आधी मागितली, यावरून पालट झाला की नाही ते कळतं. तो सहसा घरच्यांना आधी दिसतो.

आणि रोजच्या प्रार्थनेतली दाअतची जागा ठाऊक असू द्या. आठवड्याच्या दिवसांतल्या ‘अमिदा’मध्ये मागणं सुरू होतं ते चौथ्या आशीर्वचनापासून, आणि पहिलंच मागणं दाअतचं आहे; क्षमा, आरोग्य, पाऊस, पोटपाणी सगळं नंतर. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर पवित्र आणि साधा दिवस वेगळे करणारं वचन याच आशीर्वचनात घालतात. दुसरीकडे का नाही, याचं उत्तर जेरुसलेमच्या तालमूदनं एका ओळीत दिलंय: दाअतच नसेल तर फरक कुठून करणार?